मृदू पाण्याचा ठराव

आमच्या इमारतीचं पाणी जड नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तसा सोसायटीचा ठराव आहे आणि ठरावाविरुद्ध बोललेलं आमच्याकडे खपवून घेतलं जात नाही. पाणी मृदू आहे. बोअरमधून येतं, पातेल्याच्या तळाशी खडूचा थर ठेवून जातं, नळांना पांढऱ्या दाढ्या फुटतात, नवा टॉवेल चार धुण्यांत इतका ताठ होतो की वाळत घालायची गरज नाही, भिंतीला टेकवून उभा केला तरी चालतं; पण पाणी मृदू आहे. बहुमतानं मृदू आहे.

ठराव झाला त्या सभेत तळमजल्यावरचे सेक्रेटरी उभे राहून म्हणाले होते, "फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक नळ सोडतं आणि पळून जातं. आपणच आपल्या पाण्याला नावं ठेवली, तर परक्यानं काय करावं?" यावर टाळ्या पडल्या आणि भराभर हात वर झाले. विरोधात एकच हात होता, आमच्या डोक्यावर राहणाऱ्या मॅग्नेटकाकांचा. पण त्यांचा हात प्रत्येक सभेत प्रत्येक ठरावाविरुद्ध वर असतो, त्यामुळे तो मोजायची पद्धत नाही.

तर अशा या मृदू पाण्यानं आमच्या एकुलत्या एक संडासातला कमोड हळूहळू आतून बुजवत आणला होता. कमोडच्या कडेखाली पाणी यायला छोटी छोटी भोकं असतात. ती आहेत हे चांगल्या घरातल्या लोकांना माहीतही नसतं. आमची दगड होऊन मिटली होती. फ्लश दाबला की टाकीतून आवाज तर धबधब्याचा यायचा, पण पाणी मात्र परक्या घरी आलेल्या लाजऱ्या पोरासारखं कडेकडेनं, भिंतीला धरून खाली उतरायचं. उरलेलं काम बादलीनं करावं लागे. आमच्या घरात संडासाला जाणारा माणूस कायम बादली घेऊन जाताना दिसायचा, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता मृत्युपत्र.

"हे बघ," बाबा म्हणाले, "ऑपरेशनचं मला काही नाही. भूल देतात, कापतात, शिवतात, त्यात माझा काही संबंधच नाही. पण घरी आल्यावर मी वॉकर धरून चालणार. दोन्ही हात अडकलेले. तेव्हा तिकडे..." त्यांनी हनुवटीनं संडासाची दिशा दाखवली. "तिकडे मला कुणी दंडाला धरून न्यायचं नाही. आणि माझ्यामागून बादली घेऊन कुणी आत यायचं नाही. तू नाही, ताई नाही, तुझी आई तर नाहीच नाही. मी एकटा जाणार आणि एकटा बाहेर येणार. बाकी मला काही नको. जमव एवढं."

आयुष्यात बाबांनी मला गॅलरीत बोलावून काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "जमवतो."

आता तुम्हीच सांगा, काम म्हणून बघितलं तर काय होतं? मिटलेली भोकं उघडायची. टूथपिकचं काम! टूथपिक मोडली. मग सेफ्टी पिन वाकली. मग समोरच्या दारातल्या वहिनी आल्या. आमच्याकडे काहीही मोडलं की आवाज त्यांना आधी येतो.

"भावजी, असं टोचून काय होतंय? व्हिनेगर ओता आणि विसरून जा."

मी ओतलं. पण विसरायचं कसं हे वहिनींनी सांगितलं नव्हतं. घरभर सॅलडचा वास सुटला. आईनं डोक्याला रुमाल बांधला आणि ती दिवसभर माझ्याशी खुणांनी बोलली. कमोडवर परिणाम एवढाच झाला की तो चकाकू लागला. भोकं जशीच्या तशी, फक्त आता स्वच्छ दगड.

संध्याकाळी मॅग्नेटकाका खाली उतरले. काकांनी त्यांच्या घरातल्या प्रत्येक पाइपला लोहचुंबक बांधले आहेत. क्षाराला दिशा नसते, मॅग्नेट त्याला दिशा देतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात नळाजवळ गेलं की खिशातल्या किल्ल्या नळाकडे झुकतात, हे मी स्वतः पाहिलंय. क्षार कुठल्या दिशेनं गेला ते मात्र अजून कळलेलं नाही. कमोडमध्ये टॉर्च मारून काका गंभीरपणे म्हणाले, "औषधोपचाराची वेळ निघून गेली. आता शस्त्रक्रिया. छिन्नी आणि हातोडी."

"काका, फुटेल ना?"

"रागानं मारलीस तर फुटेल. प्रेमानं मार."

मी प्रेमानं मारली. पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्या ठोक्याला 'टक्' असा अगदी नाजूक, सभ्य आवाज आला आणि कमोड वरपासून खालपर्यंत उभा तडकला. क्षाराला ओरखडासुद्धा नव्हता. खरं सांगायचं तर आता त्या क्षारानंच कमोड धरून ठेवला होता.

"तुझ्या मनात कुठेतरी राग होता," काका म्हणाले आणि वर निघून गेले.

तेवढ्यात दवाखान्यातून ताईचा फोन. "ऑपरेशन छान झालं. बाबा शुद्धीवर आले. पहिलं वाक्य काय म्हणाले माहितीये? 'त्याचं झालं का?' काय झालं का रे?"

"होत आलंय. नवीन बसवतोय."

"जुनं साफ करणार होतास ना?"

"मुळापासून साफ केलं."

ताई माझ्यापेक्षा मोठी आहे आणि माझी वाक्यं तिला लहानपणापासून पाठ आहेत. ती नुसतं 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'चा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

नवीन कमोड आणायला गेलो तर दुकानदारानं सगळे नमुने रस्त्याकडच्या काचेत मांडलेले. गुडघ्याच्या पेशंटसाठी उंच हवा म्हटल्यावर त्यानं एकाकडे हात केला. "बसून बघा."

"इथे?"

"साहेब, चप्पल घालून बघता, शर्ट घालून बघता. ही तर आयुष्यभराची वस्तू."

मी बसलो. उंची छान होती. पाठ टेकून, बाबांसारखे दोन्ही हात पुढे वॉकरवर ठेवल्यासारखे धरून अंदाज घेत होतो, तेव्हाच काचेबाहेरच्या फुटपाथवरून आमच्या ऑफिसचे साहेब आणि त्यांच्या मिसेस चालले होते. साहेब थबकले. आमची नजरानजर झाली. साहेबांनी मान लववली. मीही लववली. अशा वेळी उठून उभं राहावं की बसूनच नमस्कार करावा, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी अर्धवट उठलो. ते जास्त वाईट दिसलं असावं, कारण मिसेसनी साहेबांचा हात धरून त्यांना ओढत नेलं.

कमोड घरी आला आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी मुक्कामाला राहिला. आईनं त्यावर फुलाफुलांची चादर घातली. चादर घातल्यावर तो कमोड दिसत नव्हता, तर चादर घातलेला कमोड दिसत होता. विचारपूस करायला येणारा प्रत्येक जण सोफा मोकळा असताना नेमका त्याच्यावरच बसायचा. मॅग्नेटकाका तर रोज येऊन त्यावर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "बैठक उत्तम आहे. उगाच आत नेऊन वाया घालवताय."

आणि आम्ही? तडकलेल्या कमोडमधलं सगळं फरशीवर येत असल्यामुळे आई आणि मी समोरच्या वहिनींकडे जात होतो. त्यांचं भांडं जमिनीलगतचं, उकिडवं बसायचं. माणूस म्हणून वहिनी सोन्यासारख्या. पण दर खेपेला दारात विचारायच्या, "व्हिनेगर पूर्ण रात्र ठेवलं होतं ना? खरं सांगा." पोटात कळ दाबून खोटं बोलणं सोपं नसतं. काकांकडे वरच्या मजल्यावर कमोड होता, पण तिथे पाटी होती, 'प्रयोग चालू आहे'. ती पाटी मी शाळेत असल्यापासून आहे.

राहता राहिला प्लंबर. आमच्या प्लंबरचं सगळं बोलणं 'पोहोचलोच' या एका शब्दात मावतं. तो घरी असला तरी पोहोचलोच, झोपलेला असला तरी पोहोचलोच. शेवटी एकदाचा खरोखर पोहोचला, तेव्हा मला त्याला ओळखताच येईना. त्यानं संडासात डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला.

"कुठल्या गाढवानं बसवलंय हे?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाकून बघितलं. "मग बरोबरच बसवलंय. काय आहे, मोजमाप एकदम पक्कं. मी सिमेंट घेऊन पोहोचलोच. तोवर साहेब, तुम्ही एवढा कॉक बंद करून ठेवा." आणि भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या कॉककडे बोट दाखवून तो गेला.

कॉक फिरेना. त्याचं तोंड क्षारानं असं लिंपलेलं की कॉक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. मी पकड लावली. जरा जोर दिला. तो आला! सुरेख फिरला! माझ्या हातात आला. भिंतीत नुसतं भोक उरलं आणि त्यातून आमचं मृदू पाणी थेट माझ्या छातीवर.

मी भोकावर अंगठा दाबला. अंगठ्यानं पाणी थांबतं, पण मग माणूसही तिथेच थांबतो. घराचा मुख्य व्हॉल्व्ह आईनं फिरवून बघितला, तो नुसताच गोल गोल फिरत राहिला, जत्रेतल्या चक्रासारखा, पाण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मी भिंतीला चिकटून उभा आणि संडासाच्या दारात गर्दी. काका म्हणाले, "अंगठा बदल, नाहीतर रक्त साकळेल." वहिनी म्हणाल्या, "भावजी, गार पाणी आहे की कोमट?" कुणीतरी मागून विचारलं, "फोटो काढू का, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला?" माझ्या आयुष्यातले काही महत्त्वाचे निर्णय मी त्या भिंतीकडे बघत घेतले. त्यातला एक म्हणजे या इमारतीतल्या कुणालाही पुढे लग्नाला बोलवायचं नाही.

शेवटी आई स्वयंपाकघरात गेली आणि एक गाजर घेऊन आली. "सरक," ती म्हणाली. मी अंगठा काढला, तिनं गाजर बसवलं, वरून वरवंट्याचा एक ठोका दिला. पाणी थांबलं. अगदी थेंबसुद्धा नाही.

माझ्या शिक्षणावर या घरानं जो काही खर्च केला, तो त्या क्षणी गाजरासमोर उभा राहिला. पण ते असो.

गाजर रोज सकाळी बदलावं लागे. मऊ पडलं की पाणी झिरपायचं. आई भाजी घेताना आता भाजीवाल्याला सांगायची, "सरळ द्या, वाकडी नको. जेवायला नकोयत."

प्लंबर आला तेव्हा गाजराकडे बघून म्हणाला, "कुणी ठोकलं? हात चांगला आहे." पण काम मात्र करीना. "चालू लाइनवर मी हात लावत नाही साहेब. माझ्या चुलतभावानं लावला होता, तो अजून ओला आहे. तुम्ही गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या. मी पोहोचलोच."

गच्चीच्या व्हॉल्व्हची किल्ली सेक्रेटरींकडे. पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांनी एक टेबल टाकलंय, त्याला ते कार्यालय म्हणतात. मी समोर उभा राहिलो. खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसली होती.

"काका, आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह जरा वेळ बंद करायचाय. कॉक तुटलाय."

"कशानं?"

"क्षारानं जाम झाला होता."

"कशानं?"

"क्षारानं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "क्षार आपल्याकडे नाही."

"काका, बोटभर थर आहे. आणून दाखवू?"

"बाहेरून आला असेल. ठराव आहे आपला. तुम्ही लोक वर्षानुवर्षं कॉक फिरवत नाही, मग तो जाम होतो. वापर नसल्यानं."

मला बाबा दिसत होते. मी राग गिळला. "बरं. वापर नसल्यानं तुटला. आता व्हॉल्व्ह बंद करा."

सेक्रेटरींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तो होत नाही बंद."

"का?"

"वापर नसल्यानं."

"म्हणजे तोही क्षारानंच..."

"तुम्ही तरुण मंडळी फार नकारात्मक!" ते एकदम उसळले. "तो व्हॉल्व्ह कापून नवीन टाकावा लागेल. त्याला समितीची मंजुरी लागेल. मंजुरीला कारण लागेल. काय कारण देऊ? मृदू पाण्यानं लोखंड जाम झालं असं सांगू? हसतील मला. पुढच्या महिन्याच्या सभेत बघू."

"मग एक दिवस पंप लावू नका. टाकी रिकामी झाली की आम्ही काम करून घेतो."

"अख्खी इमारत कोरडी ठेवू? तुमच्या गाजरासाठी?"

बातमी पोहोचली होती तर.

"गाजरासाठी नाही," मी म्हटलं आणि माझा आवाज उगाचच चढला. "बाबांसाठी. ते यायच्या आत मला—"

"त्यांना आराम पडू दे," सेक्रेटरी म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले. खुर्ची मोकळी झाली. मी बसलो नाही. काही झालं तरी माणसाला स्वाभिमान असतो.

माझा सगळा हिशेब बाबा आठवडाअखेर येतील या भरवशावर होता. पण बाबांची प्रगती बघून डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी त्यांना लवकर सोडलं. बऱ्या होणाऱ्या माणसाचा राग येण्याची माझी ती पहिलीच वेळ. ताईनं फोनसुद्धा केला तो गेटपाशी टॅक्सी थांबल्यावर.

आई आणि मी धावत खाली गेलो. मागून वहिनी. काका तर आमच्या आधीच उतरलेले. बाबा वॉकर धरून लिफ्टसमोर उभे होते. थोडे वाळले होते, दाढी वाढली होती, पण चेहरा अगदी खुललेला होता.

"झालं ना रे?" त्यांनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. भाषण तयार होतं. त्यात सेक्रेटरी होते, प्लंबर होता, समितीचा निषेध होता. पण बाहेर एवढंच आलं, "नाही बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. रागानं नाही. वॉकरवरची त्यांची पकड घट्ट झाली. "मग पंचाईत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मला जायचंय."

"कधी?"

"आत्ता. तिकडून निघताना नर्स म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, नको. आता आमच्या घरी जाईन."

मग सगळेच बोलायला लागले. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे चला, पण लगेच स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. नव्या गुडघ्याला उकिडवं बसणं शक्य नव्हतं. काका म्हणाले, "प्रयोग..." आणि मान खाली घातली. आई म्हणाली, "अहो, मी आणि हा दोन्ही बाजूंनी धरतो..."

"धरायचं नाही," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी वॉकर वळवला. लिफ्टच्या बाजूलाच सेक्रेटरींचं दार. ठक, पाऊल, ठक, पाऊल, असे ते दारापर्यंत गेले आणि त्यांनी स्वतः बेल दाबली.

दार सेक्रेटरींनीच उघडलं. सगळी वरात बघून ते दारातच आडवे झाले. "आमच्याकडे जरा काम काढलंय..."

"अहो, कसलं काम?" आतून त्यांच्या मिसेस पुढे आल्या. "कालच तर सगळं चकचकीत पुसलं मी. या हो भाऊजी, या. सरळ जाऊन डावीकडे. कमोड आहे, धरायला दांडीसुद्धा आहे."

बाबा आत गेले. एकटे. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही सगळे हॉलमध्ये उभे. सेक्रेटरी एका कोपऱ्यात असे उभे होते, जसा माणूस निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभा असतो. मला वाटलं, पाहुण्यांची सवय नसेल.

मग आतून फ्लशचा आवाज आला. असा आवाज मी आमच्या इमारतीत कधीच ऐकला नव्हता. नदी उतारावरून घसरल्यासारखा. काकांनी छताकडे बघितलं. आई दचकली. थोड्या वेळानं बेसिनचा नळ सुरू झाला, आणि तो चालूच राहिला. चालूच राहिला. शेवटी दार उघडलं.

बाबा वॉकरला कोपरं टेकवून उभे होते. दोन्ही हात पुढे धरलेले. हातांवर मनगटापासून बोटांपर्यंत काहीतरी पांढरं, फुगीर, मऊ मऊ होतं.

"हे जातच नाहीये," बाबा म्हणाले.

सगळे पुढे झुकले.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "फेस!"

फेस. आमच्या इमारतीत साबणाला फेस येत नाही. दह्यासारख्या गुठळ्या येतात, त्या खरवडून काढतात. लहान मुलं फेस फक्त जाहिरातीत बघतात. वहिनींनी तो माहेरी असताना पाहिला होता, म्हणून त्यांनी ओळखला. काकांनी एक बोट पुढे करून बाबांच्या हातावरचा थोडासा उचलला आणि उजेडात धरून पाहिला.

"साबण चांगला आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठला?" काकांनी विचारलं.

"साधाच."

काका तडक संडासात शिरले. आतून कापड ओढल्याचा आवाज आला. "इथे यंत्र आहे! कापडाखाली यंत्र लपवलंय! पाणी मऊ करायचं यंत्र!"

"तो गॅसचा सिलिंडर आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"संडासात?"

"हवा खेळती हवी म्हणून."

"अहो, काय बोलताय?" मिसेस म्हणाल्या. "दोन वर्षं झाली मशीन घेऊन. माझे केस गळत होते ना."

मग जे झालं त्याचं वर्णन मी करत नाही. काका दोन्ही हात वर करून बोलत होते. आयुष्यभर विरोधात वर केलेला एक हात आणि त्याची भरपाई म्हणून दुसरा. वहिनी व्हिनेगरच्या सगळ्या बाटल्यांचा जाब विचारत होत्या. ताई हसता हसता भिंतीला टेकली. मीसुद्धा माझं सगळं भाषण, पार्किंगमधल्या खुर्चीसकट, तिथल्या तिथे म्हणून टाकलं. फक्त बाबा शांत होते. हात पुसून त्यांनी वॉकर धरला आणि मिसेसना म्हणाले, "फार उपकार झाले. बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर बाबा पलंगावर नव्हते. मी लिफ्टनं खाली धावलो. सेक्रेटरींच्या दारात बाबा उभे होते आणि दारात टूथब्रश तोंडात घेऊन सेक्रेटरी.

"अहो पण, रोज?" सेक्रेटरी फेसाळ तोंडानं म्हणत होते.

"रोज नाही," बाबा म्हणाले. "रोज, आणि दुपारी एकदा. ठरावानुसार इमारतीतलं पाणी सगळीकडे सारखंच आहे. मग इथे काय आणि तिथे काय? त्यातल्या त्यात जवळ म्हणून इकडे आलो."

आणि ते आत गेले. सकाळच्या त्या घाईच्या वेळेला. निवांत. ठक, पाऊल, ठक, पाऊल.

त्या खेपेनंतर सेक्रेटरींना मंजुरीची गरज राहिली नाही. संध्याकाळच्या आत ते स्वतः माणसं घेऊन गच्चीवर गेले. व्हॉल्व्ह कापला तर मनगटाएवढा पाइप आतून असा भरलेला की पेन्सिल जाईल एवढंच भोक. सेक्रेटरींनी तो तुकडा डोळ्याला लावून आकाश बघितलं. "यातून आपल्याला पाणी येत होतं?" असं ते म्हणाले म्हणतात. पुढच्या सभेत ठरावात दुरुस्ती झाली. पाणी मृदूच आहे, पाइप जड आहेत, असं आता आमचं अधिकृत मत आहे. विरोधात एकच हात होता. तो या वेळीही मोजला नाही.

प्लंबर पोहोचला. खरोखर पोहोचला. नवा कॉक लावला, नवा कमोड हॉलमधून आत गेला. सोफ्याशेजारची जागा इतकी रिकामी वाटू लागली की काका येऊन उभेच राहिले. आम्हीही तसलं यंत्र घेईपर्यंत कडेखालची भोकं दर रविवारी घासायची, असं मी आईला वचन दिलं. ती 'बघू' म्हणाली. हा अपमान मी गिळला.

सिमेंट वाळल्यावर बाबा आत निघाले. ताईनं बजावलं होतं, कडी लावायची नाही, काही झालं तर? बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आत गेले, दार लोटलं आणि कडी लावली.

आई, ताई आणि मी बाहेर दाराला कान लावून उभे. आत शांतता. आई कुजबुजली, "हाक मारू का?" ताईनं तिचा हात दाबला. वॉकर कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला आणि मी दारावर थाप मारायला हात उचलला. तेवढ्यात फ्लश सुटला. पूर्ण ताकदीनं, चारी बाजूंनी, खळाळत. आईनं पदर तोंडाला लावला.

आतून बाबांचा आवाज आला, "काय रे, बाहेर उभा आहेस का?"

"नाही बाबा," मी म्हटलं.

"बरं. मग जा."

मी गेलो.